एकाच बिलावर मायकोरायझा, डीएपी आणि बुरशीनाशक

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी पलूस भागातला हळदवाला. गेल्या साली लावणीला मी जो शहाणपणा केला तो सांगतो, हसला तरी चालेल. दुकानदारानं एकाच बिलावर तीन वस्तू दिल्या, बेणं बुडवायला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, सरीत टाकायला डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) रासायनिक खताच्या दोन गोण्या, आणि त्याच सरीत चार किलो मायकोरायझा. तिन्ही टाकलं. गड्डा होता तेवढाच, पैसे गेले.

मग एका कृषी पदवीधर भाच्यानं डोकं ठिकाणावर आणलं. मायकोरायझा म्हणजे मुळाच्या आत शिरून राहणारी बुरशी, तिचे तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक, मुळी जिथं पोचत नाही तिथलं स्फुरद आणि जस्त ओढून आणतात आणि बदल्यात पिकाची साखर खातात, म्हणजे आपला पैराच म्हणा ना, तू माझं काम कर मी तुझं करतो. पण पिकाला वरनंच भरपूर स्फुरद मिळालं की ते मुळातनं बुरशीला बोलावणंच कमी धाडतं. डीएपीच्या एका 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद, मी दोन ओतल्या, मग पैरा कोण करतंय! त्यात कार्बेन्डाझिमला ही चांगली बुरशी ती वाईट असलं काय कळत नाही, बेण्याला लागलेलं तिथंच जवळ मातीत उतरतं.

आणि सेंद्रिय म्हणून कोंबडखत ट्रॉलीनं ओतणाऱ्यांनी पण ऐकावं, त्यात पण स्फुरद चिक्कार असतं, दरसाल टाकलं की साठत जातं. शेणखत, पाचट बेतानं चालतं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्याशी तर या बुरशीचं जमतच नाही, तरी आमच्याकडं कोबीवाल्याला पुडा विकलेला मी स्वतः बघितलाय. वर मुळावरचा पांढरा धागा दाखवून 'बघा आला मायकोरायझा' म्हणतात, अहो ती मुळाच्या आत असते, मूळ रंगवून मायक्रोस्कोपखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या शेतीच्या पानावर औषधांच्या जाहिराती रोज येतात, तिथंच एक चौकट माती परीक्षणाची द्या की, रिपोर्टात स्फुरदाचा आकडा कुठं बघायचा आणि किती असलं की डीएपी थांबवायचं एवढंच. माझ्या रिपोर्टात 'जास्त' लिहिलेलं, चार महिने कपाटात पडून होता.

यंदा निम्म्या सऱ्यांना डीएपी नाही, बेण्याला बुरशीनाशक नाही, नुसतं शेणखत आणि मायकोरायझा. निम्म्या जुन्याच पद्धतीनं. काढणीला दोन्हीकडचे गड्डे वेगळे तोलून कळवतो.

आपला,
एक हळद उत्पादक, ता. पलूस, जि. सांगली