भुरीला कायमचं घर हवं आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या गटाने सोडवून आणलेली भुरी आता दत्तक द्यायची आहे. कुत्र्याचं मादी पिल्लू आहे. दुधाचे सुळे पडून नवे येत आहेत, त्यावरून डॉक्टरांनी वय पाच-सहा महिने सांगितलं. जंताचं औषध, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची आणि रेबीजची लस झाली आहे. रेबीजचा पुढचा डोस वर्षभराने द्यावाच लागेल. नसबंदी व्हायची आहे. ती करून घ्यायची तयारी असेल तरच पुढे बोलू.

भुरी भित्री आहे, पण चावरी नाही. कोणाच्या हातात झाडू दिसला की पलंगाखाली शिरते. तिथून तिला कृपया ओढून काढू नका. आपण जमिनीवर शांत बसलो की हळूच बाहेर येते, आधी बोटं हुंगते, मग गुडघ्यावर हनुवटी टेकते. एकदा विश्वास बसला की पाठ सोडत नाही, फार लाघवी पोर आहे! दात येताहेत म्हणून चपला कुरतडते, चघळायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल.

दिवसभर कुलूप असणाऱ्या घरी किंवा साखळीला बांधून राखणीसाठी तिला देणार नाही. घरातल्या सगळ्यांचा होकार हवा. सुरुवातीला ती घरात शू करेल, रात्री रडेल. ओरडू नका, वेळ द्या. कुत्री बारा-तेरा वर्षं सहज जगतात, तेवढा विचार करून मगच हो म्हणा.

भेटायला यायचं असेल तर थेट मला मेसेज करा. घर पाहिल्याशिवाय भुरी कोणाकडेही पाठवणार नाही.