मागाच्या खोलीतल्या तीन मांजरांविषयी

सोलापूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणे होत असताना हे पत्र कशाला, असे तुम्हांला वाटेल. फोनवर आई आधी माझ्या जेवणाची चौकशी करते, मग बाबा इथले ऊन किती आहे ते विचारतात, आणि सांगायचे ते राहून जाते. शिवाय हे सांगताना मला मध्येच थांबावे लागेल, आणि मी थांबले की आई घाबरते. म्हणून लिहिते आहे. गेल्या रविवारी मी बाबांचे माग चालायचे ती मागाची खोली उघडली, झाडून-धुऊन घेतली आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातली तीन म्हातारी मांजरे तिथे राहायला आणली. तुम्हांला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर आई रात्रभर जागली असती आणि बाबांनी तिच्याकडे पाहून गप्प राहणे पत्करले असते. ते मला नको होते.

बाबा, त्याआधी एक कबुली द्यायची आहे. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येणार होते आणि आले नाही. तिकीट मिळाले नाही असे मी सांगितले, ते खरे नव्हते. तिकीट माझ्या पर्समध्ये होते. आपल्या धोटा बोक्याने खाणे सोडल्याचा तो तिसरा दिवस होता. तुम्हीच त्याला ते नाव दिले होते. निवाऱ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो असा धावायचा की तुम्ही म्हणालात, हा तर मागावरचा धोटा आहे. त्याची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. मांजरांचे हे दुखणे फार उशिरा कळते. दोन-तृतीयांशाहून अधिक काम थांबेपर्यंत मांजर फक्त जास्त पाणी पिते, आणि उन्हाळ्यात सोलापुरात जास्त पाणी कोण पीत नाही? कळल्यानंतर चार महिने मी त्याला मानेमागच्या कातडीखाली सलाईन देत होते. त्या पहाटे त्याचे कान हाताला थंड लागले. तुमच्या शेवटच्या लॉटमधली निळ्या काठाची चादर मी त्याच्याभोवती गुंडाळली आणि त्याला मांडीवर घेऊन बसले. तो गुरगुरत होता. मांजर सुखात गुरगुरते तसे वेदनेतही गुरगुरते, हे मला ठाऊक होते, तरी तो आवाज चालू आहे तोवर मला उठवेना. गाडी सुटून गेली आणि नऊच्या सुमारास तो आवाज थांबला. तुमच्या डोळ्यावर पट्टी असताना मी तुमच्याजवळ नव्हते, दादा-वहिनी होते, हे मी स्वतःला शंभरदा समजावले आहे. तरी मला क्षमा करा.

आई, मागे तू म्हणालीस, मेलेल्या मांजरांची नावे वहीत काय लिहून ठेवतेस, त्याने जीव आणखी जळतो. तू काळजीने म्हणालीस, मी रागावले नाही. ती वही बाबांचीच आहे, आठवड्याच्या मजुरीची लांब लाल वही. तिची निम्मी पाने कोरी होती. डाव्या बाजूला तुमच्या अक्षरात माणसांची नावे आणि वारांचे रकाने, आणि त्यानंतर माझ्या अक्षरात मांजरे. निवाऱ्यात मेलेल्या मांजराची आठवण दुसरे कोणी ठेवत नाही. ज्याच्या दारात ते जन्मले तो त्याला विसरलेला असतो, आणि ज्याच्या घरी ते जाणार होते तो माणूस कधी आलेलाच नसतो.

त्यातल्या एका पानाकडे मी अजून नीट पाहू शकत नाही. संक्रांतीनंतर गड्ड्याच्या यात्रेतून, होम मैदानाच्या बाजूने, कोणीतरी खोक्यात घालून पाच पिल्ले आणून ठेवली. जेमतेम पाच आठवड्यांची होती, म्हणजे पहिल्या लशीचेही वय झाले नव्हते. आठवड्याच्या आत त्यांना मांजरांचा पार्व्हो झाला. या रोगावर नेमके औषध नाही. सलाईन द्यायचे, ऊब द्यायची आणि वाट पाहायची. विषाणू इतका चिवट असतो की जमिनीत, कापडात वर्षभर टिकू शकतो, साबणाला दाद देत नाही. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे बत्तीस भाग करून सगळे धुवावे लागते. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ते पाणी आम्ही कुठून कुठून आणले, ते आता सांगत बसत नाही. सहा दिवसांत पाचही गेली. तिघांची नावे ठेवली होती, दोघांची ठेवायची राहिली. वहीत मी ‘राखाडी पाठीचा’ आणि ‘शेपटीचे टोक वाकडे असलेली’ असे लिहिले आहे. नाव ठेवायला काय वेळ लागतो?

आणि सायली. तिची तिरंगी पाठ पाहून आईच म्हणाली होती, ही मांजरीच असणार, आणि ते खरेच होते. असे तिरंगी बोके क्वचितच जन्मतात. तिने दोरा गिळला. सुताच्या गावात वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवे होते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते. मी एक दिवस उलट्या पाहत राहिले, केसांचा गोळा असेल असे समजत राहिले. तो एक दिवस तिला महागात पडला. ऑपरेशन झाले, पण आतडे फाटलेले होते.

धोटा सोडला तर या सगळ्यांना मरताना पिंजरा होता, ट्यूबलाइट होती आणि शेजारी भुंकणारी कुत्री होती. निवाऱ्यातली माणसे जीव ओतून करतात, त्यांचा दोष नाही. पण म्हाताऱ्या मांजराला कोणी घरी नेत नाही, सगळ्यांना पिल्लू हवे असते. मला एवढेच वाटले की पुढच्या तिघांना तरी अंगाखाली घरातली फरशी असावी.

आणि ही मागाची खोलीच का, तर तिथे मांजर राहण्याची पद्धत तुम्हीच पाडली आहे. मनी सुताच्या पेटीत व्याली तेव्हा बाबांनी तिथल्या सुताच्या कोनांना महिनाभर हात लावला नाही, बाहेरून उसने सूत आणले. आई ओरडली आणि रात्री तिनेच झाकणीत दूध-भाकरी कुस्करून ठेवली. मी सात वर्षांची होते. मागांच्या खडखडाटात मला गाढ झोप लागायची, आणि वीज गेली, माग थांबले, की त्या शांततेने जाग यायची. मग मी अंधारात चाचपडत पेटीपाशी जायचे, आणि बाबा, तुम्ही कंदील घेऊन माझ्या मागे उभे असायचात. माग भंगारात गेले तरी जमिनीतले बोल्ट आणि तेलाचे काळे डाग तसेच आहेत. त्या डागांवर दुपारी ऊन येते आणि तिघेही तिथेच झोपतात.

बाबा, तुम्हांला इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते: सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे, ज्यात माणसापासून अवघ्या हातभर अंतरावर आठेक महिन्यांचे मांजर पुरलेले होते. २००४ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हा धोट्याला मी परसात पारिजातकाखाली पुरले, यात काही जगावेगळे नाही. खड्डा खोल खणून घेतला आहे आणि वर फरशी ठेवली आहे. आईने किळस मानू नये.

आईसाठी आणखी काही. देवघर आणि स्वयंपाकघर मांजरांना बंद आहे. दाराला जाळी लावली आहे. मातीचे ट्रे दिवसातून दोनदा साफ होतात आणि घराला वास येत नाही, हे शेजारच्या काकूंकडून खात्री करून घ्यावी. तुझी खोली, पलंग, कपाट सगळे जागच्या जागी आहे. दिवाळीला तुम्ही याल तेव्हा तिघे त्यांच्या खोलीतच राहतील. खर्च माझ्या पगारातून होतो, तुमच्या ठेवीतला एक रुपयाही नाही. आणि मी पुण्याला येत नाही याचे कारण मांजरे नाहीत; माझी नोकरी इथे आहे, माझे गाव हे आहे, आणि तुम्हांला माझी गरज लागली तर या वेळी मी गाडी चुकवणार नाही.

आता नीट ऐका. बाबांनी डोळ्यात थेंब टाकण्याआधी हात धुवावेत, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत वाकून बादली उचलू नये. रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. आईने गुडघ्याचे व्यायाम वहिनीसमोर करावेत, म्हणजे केले की नाही ते मला कळेल. शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे. बाबांनी चटणी बेतानेच खावी. सोसायटीतल्या त्या पिवळ्या बोक्याला ताप वाटला तर आईने त्याला माणसांची पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये, एका गोळीनेही मांजर दगावते. जिथे तो झोपतो तिथे फिनाईलही नको.

एक मागणे आहे. उरलेल्या चादरींच्या तुकड्यांच्या तीन लहान गोधड्या आई शिवून देशील का? थंडीच्या आत मिळाल्या तर बरे. घाई नको, दिवसाउजेडी शिव, डोळ्यांना ताण देऊ नकोस. टाके बारीक घाल आणि दोऱ्याची टोके सगळी आत दाबून घे. एकही बाहेर राहू देऊ नकोस.

तुमची,
धाकटी