खडूच्या रेघेबद्दल आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आता मीही मुलींना बॅले शिकवते, तेव्हा हे पत्र खरे तर फार पूर्वीच लिहायला हवे होते.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पाचवी पोझिशन (पावले बाहेर वळवून एकापुढे एक चिकटवून उभे राहणे) गुडघे पिळून कशीबशी साधत असे. आधीच्या वर्गात ‘पाय आणखी उघड’ एवढेच सांगितले जाई आणि दुखणारा गुडघा हा माझाच आळस ठरे. तुम्ही पहिल्याच दिवशी मला पाठीवर झोपवलेत, गुडघा हलू न देता मांडी खुब्यातून सावकाश बाहेर फिरवलीत, मग उभे करून पाऊल तेवढेच वळू दिलेत आणि त्याच्या कडेने खडूची रेघ ओढलीत. ‘एवढा टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळणे, तुझा, बाकीचा उसना,’ असे म्हणून तुम्ही पुढच्या मुलीकडे वळलात. त्यानंतर कित्येक महिने बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्याला, धरून केवळ प्लिए (गुडघे वाकवणे) आणि तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत ताणणे)! मैत्रिणींना पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट, मिळाले, मला नाही. बुटाचे टोक म्हणजे कापडाचे थर आणि खळ, ते कोणाला उचलून धरत नाही, भार घोट्याने आणि पाठीनेच पेलायचा असतो, हे तुम्ही समजावलेत, तरी त्या वयात ते मला निव्वळ निमित्त वाटले होते.

तुम्ही स्वतः मंचावर बहुतेक काळ समूहातच नाचलात. ‘स्वान लेक’ या बॅलेच्या दुसऱ्या अंकात नायक-नायिका नाचत असताना मागच्या हंसिणींना एकाच पवित्र्यात निश्चल उभे राहावे लागते, आणि पोटरीत गोळा आला तरी हलायचे नसते, हे तुम्ही हसत हसत सांगायचात. टाचेमागची शीर दुखावून नाच सुटला, त्याबद्दल मात्र कधी बोलला नाहीत. माझी भूमिका हुकली त्या दिवशी तुम्ही रशियन नर्तिका आणि बॅलेशिक्षिका आग्रिपिना वागानोवांची गोष्ट सांगितलीत: 1897 मध्ये शिक्षण पूर्ण, बॅलेरिना, म्हणजे प्रमुख नर्तिका, हा दर्जा थेट 1915 मध्ये, पुढच्याच वर्षी मंचाचा निरोप, आणि जगभर वापरली जाणारी त्यांची अध्यापनपद्धती मांडणारे पुस्तक 1934 चे. (त्या दिवशी मला गोष्ट नको होती, भूमिका हवी होती, हेही आज कबूल करते.)

माझे गुडघे आज शाबूत आहेत, त्याचे श्रेय तुमच्या त्या रेघेला आहे आणि त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. गेल्या आठवड्यात मीही एका मुलीच्या पावलाशी तशीच रेघ ओढली. ती रुसली आहे, दोन दिवस बोललेली नाही. तुम्ही माझा रुसवा कसा सोसलात, हे विचारायला लवकरच येईन.

आपली विद्यार्थिनी