सुरकुत्या राहू द्या की!

संपादक साहेब, स.न.

दिवाळीच्या गडबडीत पत्राला उशीर झाला, पण विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोच. तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या ‘हॅकनी डायमंड्स’ या नव्या अल्बमवर लेख आला होता. फोटो मस्त होता, पण अख्खा लेख वयावरच. गायक मिक जॅगर ८० चा, गिटारवाला कीथ रिचर्ड्स डिसेंबर २०२३ मधे ८० पूर्ण करणार, रॉनी वूड ७६, कोणाचं हार्टचं ऑपरेशन झालं, कोणाची कंबर अजून कशी हलते. अहो, पण गाणी कशी झालीत? ते शेवटच्या चार ओळीत उरकून टाकलंय.

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २० ऑक्टोबर २०२३ ला अल्बम आला त्या रात्रीपासून भांडण चालू आहे. आम्ही सगळे पन्नाशीच्या आसपासचे, शाळा-कॉलेजात कॅसेटवर वाढलेले. एक पार्टी म्हणते स्टोन्सच्या ‘टॅटू यू’ या जुन्या अल्बमनंतर एवढं भारी काही आलंच नव्हतं, आता काय चाळीस वर्षांचा उपास सुटला. दुसरी पार्टी म्हणते बास झालं आता, पेन्शन घ्या आणि घरी बसा. मधल्यामधे एक जण रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी कीथचा फोटो टाकतो, तो कुठल्या पार्टीत आहे ते अजून कळलेलं नाही.

मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या चुकतायत, कारण दोघंही वयच मोजतायत.

२००७ ला सवाईत पंडित भीमसेन जोशी गायला बसले तेव्हा पंच्याऐंशीचे होते. मी मागे भारतीय बैठकीत होतो, मांडी घालून पाय बधिर झालेले. दम पूर्वीचा राहिला नव्हता हे सगळ्यांना कळत होतं, पण कोणी म्हणालं का की आता घरी बसा? उलट आजूबाजूला लोक डोळे पुसत होते. आपल्याकडे गाणं मुरतं असं आपणच म्हणतो ना, लोणच्यासारखं? मग गिटार गळ्यात आली की तोच नियम उलटा का होतो बुवा? स्टोन्सचं मूळ तर ब्लूजमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्यातलं, आणि ब्लूजवाले म्हातारपणीच जास्त खरे वाटतात, बी. बी. किंग ऐंशीच्या पुढेही स्टेजवर खुर्चीत बसून वाजवायचा.

तर माझी तक्रार वेगळी आहे. म्हातारे झाले ही तक्रार नाही, म्हातारपण लपवलं ही आहे. आणि ते सगळीकडे नाही लपवलंय, तीच तर गंमत आहे.

पहिलं गाणं ‘अँग्री’ घ्या. माझ्या अकरावीतल्या मुलीने ते माझ्याआधी बघितलं, व्हिडिओत सिडनी स्वीनी ही नटी आहे म्हणून. ती उघड्या गाडीतून जाते आणि दोन्ही बाजूला मोठमोठी होर्डिंग्ज, त्यावर स्टोन्स जिवंत होऊन गातायत, पण कुठले स्टोन्स? सत्तरीतले, ऐंशीतले, म्हणजे त्या त्या दशकातले हो, सगळे तरणेताठे. नवं गाणं जुन्या तोंडातून. मुलीने विचारलं बाबा आत्ताचे कुठायत, मी म्हटलं बघू पुढे येतील, तर व्हिडिओ संपला. गाण्याचा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी सुरावट, झकास आहे, ऐकल्या ऐकल्या कीथ, पण मिकचा आवाज एवढा गुळगुळीत करून ठेवलाय की इस्त्री करून हँगरला लावल्यासारखा वाटतो. प्रोड्युसर अँड्र्यू वॉट हा तिशीतला पोरगा, जस्टिन बीबरपासून ऑझी ऑस्बोर्नपर्यंत सगळ्यांबरोबर काम केलेला, तीन गाण्यांना तर जॅगर-रिचर्ड्सच्या बरोबरीने त्याचंही नाव लागलंय. मी त्याला शिव्या देणार नाही, कारण १८ वर्षं नवीन गाण्यांचा अल्बम न काढलेल्या लोकांना त्याने धरून बसवलं हे उपकारच आहेत. पण बाबा रे, जरा खडबडीत राहू दे की. मोबाइलच्या स्पीकरवर भारी वाजावं म्हणून सगळंच एका पातळीत चेपून बसवलंय, त्यात श्वास घ्यायला जागा नाही.

आता स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स, त्याचं सांगतो, हे जरा लांबेल.

७ एप्रिल २००३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, स्टोन्सचा कार्यक्रम. माझी नोकरी नवीन होती, पगाराचा बराच भाग तिकिटात गेला, घरी आईला सांगितलं ऑफिसचा प्रोग्रॅम आहे. घाम, धूळ, पुढच्याच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. सगळे मिककडे बघत होते, माझ्या शेजारी एक गोव्याचे वयस्कर गृहस्थ होते, ते म्हणाले ‘अरे त्याला काय बघतोस, मागे बघ, ड्रमवर’. मग मी मागे बघितलं. चार्ली शांत, जणू बँकेत काउंटरवर बसलाय. आणि त्या गृहस्थांनी मला ती खुबी दाखवली: डावा हात स्नेअरवर, म्हणजे मुख्य ड्रमवर, पडायच्या क्षणी त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून, अलगद वर उचलला जायचा, प्रत्येक वेळी, त्यामुळे त्या ठोक्याभोवती एवढीशी मोकळी जागा व्हायची. आमच्या तबल्याच्या सरांना नंतर सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर, न वाजवणं पण वाजवणंच. त्या रात्री ब्रेबॉर्नहून व्हीटीपर्यंत चालत आलो, लोकल गेलेली, पहाटेच्या गाडीने डोंबिवली. आईला सगळं कळलं होतं, कानात दडे बसल्यामुळे मी घरभर ओरडून बोलत होतो.

चार्ली २०२१ च्या ऑगस्टमधे गेला. नव्या अल्बममधे दोन गाण्यांवर तो आहे, आधी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून, आणि त्यातल्या ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’वर बिल वायमन बेस गिटारला, जो तीस वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला, आणि पियानोवर एल्टन जॉन. ग्रुपवर एकाने लिहिलं की मेलेल्या माणसाच्या टेप वापरणं म्हणजे बनवाबनवी. अरे मग तुझा लाडका ‘टॅटू यू’ काय होता? १९८१ चा तो अल्बम बराचसा सत्तरच्या दशकातल्या उरलेल्या टेप झटकूनच केलेला! त्याची कॅसेट मी काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, अजून आहे, वाजत नाही. बाकीच्या गाण्यांवर ड्रमला स्टीव्ह जॉर्डन आहे, चार्लीनेच सुचवलेला माणूस, वाजवतो उत्तमच, जोरदार, पण ती मोकळी जागा नाही. त्याला काही इलाज नाही, ते मी धरत नाही.

त्याच पंधरवड्यात २ नोव्हेंबरला बीटल्सचं ‘नाउ अँड देन’ आलं, त्यात तर कधीच वारलेल्या जॉन लेननचा आवाज जुन्या घरगुती कॅसेटमधून कॉम्प्युटरने वेगळा काढलाय. त्यावर सगळे रडले, कोणी बनवाबनवी नाही म्हणालं. आणि बीटल्सचाच पॉल मॅकार्टनी इकडे स्टोन्सच्या अल्बमवरही बेस वाजवून गेलाय, ‘बाइट माय हेड ऑफ’मधे, असा किरकिऱ्या फझ बेस की ८१ वर्षांचा माणूस मजा करतोय हे ऐकू येतं. १९६३ च्या नोव्हेंबरात लेनन-मॅकार्टनीने लिहून दिलेलं गाणं स्टोन्सचं दुसरंच रेकॉर्ड म्हणून आलं होतं, त्याला २०२३ मधे बरोब्बर ६० वर्षं झाली. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं.

आणि आता जिथे लपवलेलं नाही ते. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’, सात मिनिटांच्या वर, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर बरोबर. गाणं संपतं, आपण हेडफोन काढायला जातो, तेवढ्यात ते हळूच परत उठतं, कोणीतरी सुरावट धरतं, मिक तिच्या मागून चढायला बघतो आणि आवाज ताणला जातो, फाटायच्या बेताला येतो आणि तो फाटू देतो. मी हे ठाकुर्ली आणि डोंबिवलीच्या मधे सिग्नलला थांबलेल्या गाडीत ऐकलं, उभ्याने, चेंगरलेला, आणि अंगावर काटा आला. कीथचं ‘टेल मी स्ट्रेट’ पण असंच, बसका खरखरीत आवाज, कसलाही मेकअप नाही. बोटांना संधिवात आहे हे त्याने स्वतःच बीबीसीला सांगितलं, आणि त्यामुळे वाजवायची पद्धत बदलली तर नवीन काहीतरी सापडतं असंही म्हणाला, रडगाणं नाही.

शेवटचं तर ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं १९५० चं गाणं, ज्यावरून बँडला नाव मिळालं. फक्त मिक आणि कीथ, एक गिटार, एक माउथ ऑर्गन. १९६१ मधे डार्टफर्ड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर हे दोघे भेटले तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्स आणि चक बेरीच्या रेकॉर्ड होत्या. ६२ वर्षांनी तेच दोघं, तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ, ना इस्त्री ना होर्डिंग. ग्रुपवर मी फक्त हे एक गाणं टाकलं. पेन्शनवाल्या पार्टीतून दोन तास कोणी काही बोललं नाही, मग एकाने विचारलं, ‘परत टाक रे, डाउनलोड होत नाहीये.’

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता.क. लेखात ‘हॅकनी डायमंड्स’चा अर्थ हॅकनीचे हिरे असा दिलाय. हॅकनी हा लंडनच्या पूर्वेकडचा भाग, आणि रात्री चोर गाडीची काच फोडतात ना, तर सकाळी रस्त्यावर जो चुरा चमकत असतो त्याला तिकडे विनोदाने हे नाव आहे. आमच्या बिल्डिंगखाली असे हिरे आत्तापर्यंत दोनदा सापडलेत.