मंत्रीसाहेब, ऑइल पेंट लागायच्या आधी वीरगळांचे फोटो तरी होऊ द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी वाई तालुक्यातला. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन बाईकवर निघतो आणि गावोगावी देवळाबाहेर, पाराखाली, ओढ्याकाठी पडलेल्या वीरगळांचे, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या जुन्या दगडांचे, फोटो काढतो. आमच्याच तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या आवारात ते नीट उभे आहेत म्हणून लोक मुद्दाम बघायला तरी जातात, पण बाकी ठिकाणी कोणी ढुंकून बघत नाही, कुठे पायरीला लावलाय, कुठे त्याच्यावर धुणं आपटतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला वीर पडलेला, शेजारी गाई असल्या तर गुरं सोडवताना गेला असं समजायचं, त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेतायत, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहणार. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई आहे! दुपारी फोटो काढला तर नुसता सपाट दगड येतो, सकाळी सातच्या सुमारास ऊन आडवं पडलं की मग ढालीची कड, घोड्याचा लगाम सगळं उठून दिसतं.

अशाच एका सकाळी एका गावात मला एक गाय दिसली, बोटभर उंचीची, आणि ती मान मागे वळवून पडलेल्या माणसाकडे बघतेय. त्या पाथरवटाने एवढ्याशा जागेत ते कोरलं, मी तिथे अर्धा तास बसून होतो. पुढच्या वर्षी गेलो तर देवळाचा जीर्णोद्धार झालेला, दगडाला सोनेरी ऑइल पेंट आणि खालचा पट्टा नव्या कोब्यात गेलेला. गाय गेली. गावकऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांनी श्रद्धेनेच केलं, पण त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे.

जुन्या वास्तू जपायला राज्याचा १९६० चा कायदा आहे पण तो संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंना, पारावरचा सुटा वीरगळ त्या यादीत बहुतेक नसतोच. सगळे संरक्षित करा असं मी म्हणत नाही, ते होणारही नाही. फक्त एवढं करा की देवळाच्या कामाला सरकारी निधी मंजूर करताना आवारातल्या जुन्या दगडांचे फोटो आणि जागेचं लोकेशन आधी जमा करायला लावा, मोबाईलवर काढलेले चालतील, सकाळी काढा एवढंच सांगा, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत त्याची एक फाईल राहू दे. पेंट आणि सिमेंट लावू नका हे एका पानाच्या परिपत्रकात ग्रामपंचायत अधिकाऱ्यापर्यंत जाऊ दे.

त्या गायीचा फोटो माझ्याकडे आहे, बाकीचेही आहेत, गावाच्या नावासकट लावून ठेवलेत. कुठल्या ऑफिसात आणून द्यायचे तेवढं कळवा, मी स्वतः येतो.

आपला,
वाई तालुक्यातला एक रहिवासी