अस्वलाच्या पेटीची कडी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले बरेच मराठी आईवडील योसेमिटी, यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानंही पाहून येतात. हे पत्र त्यांच्यासाठी.

योसेमिटीत आम्ही तंबूत राहिलो. तंबूच्या प्रत्येक जागेवर, अस्वलांच्या हाती काही लागू नये म्हणून, एक लोखंडी पेटी असते. खाण्याचे पदार्थच नव्हे, तर टूथपेस्ट, साबण, डोक्याचं तेल, वास येईल ते सगळं तिच्यात ठेवायचं. शेजारच्या कुटुंबाने पेटी लोटली, पण कडी लावली नाही. वर खरकट्याची पिशवी भरून वाहणाऱ्या कचराकुंडीला टेकवून ठेवली. रात्री रेंजर, म्हणजे उद्यानाचा रक्षक, विजेरी घेऊन आला आणि त्याने सगळ्यांना उठवलं. आम्हा सर्वांना राग आला होता त्याचा. आज वाटतं, त्याचंच बरोबर होतं.

तिथल्या कुंडीचं झाकण उघडायला हात आत घालून खटका दाबावा लागतो. अस्वलाचा पंजा तिथे शिरत नाही. पण पिशवी बाहेरच ठेवली तर त्या खटक्याचा काय उपयोग? एकदा खरकट्याची चटक लागली की अस्वल माणसाला भीत नाही. मग तंबू फाडतं, गाडीची काच फोडतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

यलोस्टोनमध्ये एकेकाळी उकिरड्यावर जेवणारी ग्रिझली (तिथली मोठी तपकिरी) अस्वलं पाहायला बाकं मांडलेली असत. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये ऑगस्ट १९६७ मध्ये एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझलींनी १९ वर्षांच्या दोन मुलींचा जीव घेतला. त्यातल्या एका ठिकाणी तर मुक्कामघराचं खरकटं अस्वलांसमोर टाकून पर्यटकांना ती दाखवली जात. त्यानंतर यलोस्टोनचे उकिरडे बंद झाले, शेवटचा १९७० मध्ये. योसेमिटीत १९९८ या एका वर्षात अस्वलांच्या १५०० हून अधिक घटना घडल्या, साडेसहा लाख डॉलरचं नुकसान झालं. पेट्या आल्या, कुंड्या बदलल्या, रात्रीची गस्त वाढली आणि हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटलं. म्हणजे उपाय सापडलेला आहे.

उद्यानांच्या व्यवस्थापनाकडे माझं मागणं एवढंच, की कुंड्या अंधार पडायच्या आत रिकाम्या व्हाव्यात. थंडीपूर्वी चरबी साठवायला अस्वलं दिवसभर खात सुटतात, तेव्हा तर दोनदा. आणि आपल्या लोकांना विनंती: कुंडी भरलेली दिसली तर पिशवी पुढच्या कुंडीपर्यंत न्या, आणि झोपण्यापूर्वी पेटीची कडी हाताने ओढून पाहा.

आपला,
एक वाचक