विहीणबाईंची माणसं कोण, हे अजून किती वर्षं विचारणार?

पेम्ब्रोक, नॉर्थ कॅरोलायना
6 जानेवारी 2025

माननीय अंतर्गत व्यवहार मंत्री, अमेरिका
स. न. वि. वि.

हेच पत्र इंग्रजीत आपल्या खात्याला पाठवलं आहे. मराठीत पुन्हा लिहितेय, कारण मनातलं मला याच भाषेत नीट बोलता येतं, आणि इथे काय चाललंय ते माझ्या माणसांनाही कळू दे.

मी मूळची कऱ्हाडची. मुलाच्या नोकरीमुळे बावीस वर्षांपूर्वी या रॉबेसन काउंटीत आले. मुलाने इथल्याच लंबी या अमेरिकन इंडियन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, जमातीतली मुलगी केली, त्यामुळे माझी नात आईकडूनही इंडियन आणि बापाकडूनही इंडियन. गेल्या आठवड्यात तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. केंद्राने पूर्ण मान्यता दिलेल्या जमातींच्या मुलांनाच ही मदत मिळते, तुमची जमात त्यात बसत नाही, अशा दोन ओळी. पोरीने त्या उभ्यानेच वाचल्या. विहीणबाई सिंकपाशी कोलार्डची पानं धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, आतल्या खोलीतून आपल्या आजीची गोधडी आणली आणि नातीच्या खांद्यावर घातली.

ती गोधडी एकदा बघा, मंत्रिमहोदय. कापडाचे लहान तुकडे त्रिकोणी दुमडून मधल्या ठिपक्यापासून गोल गोल टाचत नेलेत, एकावर एक, पाइनच्या शंकूसारखे. माझ्या आईनेही आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. 2016 च्या मॅथ्यू वादळात विहीणबाईंचं लम्बर्टनचं घर पाण्यात गेलं, 2018 ला फ्लोरेन्सने पुन्हा. दोन्ही वेळा घरातून पहिली ही गोधडी निघाली. एका कडेला लम्बर नदीचा चिखल बसलाय, तो धुऊन जात नाही.

इथे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, तुझी माणसं कोण? आपल्याकडे म्हाताऱ्या विचारायच्या ना, ‘कुणाची गं तू?’ अगदी तसा. लॉकलिअर की ऑक्झेंडाइन, लावरी की चेव्हिस, चर्च कुठलं, आजोबांचं घर कुठल्या दलदलीकाठी, एवढं सांगितलं की ओळख पटते. पाच मिनिटांचं काम. या लोकांनी वॉशिंग्टनला पहिला अर्ज दिला तो 1888 साली. तुमच्या सरकारची ओळख अजून पटायची आहे.

बरं, नाव तरी या लोकांना एक ठेवू दिलं का? राज्य सरकारने 1885 ला ‘क्रोएटन’ ठरवलं, 1911 ला ‘रॉबेसन काउंटीचे इंडियन’, 1913 ला ‘चेरोकी’, 1953 ला ‘लंबी’. 1936 च्या सुमारास तुमच्याच खात्याने मानवशास्त्रज्ञ पाठवला. त्याने 209 माणसांची डोकी, चेहरे, केस तपासले आणि त्यातले 22 ‘अर्धे किंवा जास्त इंडियन’ म्हणून पास केले. सख्ख्या भावंडांत एक पास, एक नापास! आई तीच, बाप तोच. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. जनावरांच्या बाजारात दात बघतात तशी माणसं बघितली.

मग 1956 चा कायदा. एका हाताने लंबी हे नाव मान्य केलं आणि त्याच कागदात लिहिलं की इंडियन म्हणून मिळणाऱ्या सेवा यांना नाहीत. 1989 ला तुमच्या खात्याच्या वकिलांनी सांगितलं, या कायद्यामुळे तुम्हाला आमच्याकडे अर्जही करता येणार नाही. 2016 ला त्याच खात्याने सांगितलं, करता येतो. मधली सत्तावीस वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची? त्या वर्षांत किती म्हाताऱ्या गेल्या, त्यांचा हिशोब कुणी ठेवलाय?

निवडणुकीत दोन्ही पक्षांनी मान्यतेची भाषा केली. 17 डिसेंबरला प्रतिनिधिगृहात विधेयक 311 विरुद्ध 96 मतांनी मंजूर झालं. आमच्या घरी त्या रात्री गोड केलं होतं. सिनेटमध्ये ते अडकलं आणि 3 जानेवारीला मुदत संपून मेलं. 2020 ला तेच, 2021 ला तेच.

साठ हजारांच्या आसपास माणसं आहेत ही. 1887 मध्ये राज्याने शिक्षकांच्या पगारापुरते 500 डॉलर दिले, इमारतीला एक पैसा नाही. लोकांनी स्वतः शाळा उभारली, पंधरा मुलांवर सुरू केली. तिचंच आज विद्यापीठ झालंय. जानेवारी 1958 ला मॅक्सटनजवळ हेज पॉंड तळ्यावर कू क्लक्स क्लॅनवाले, म्हणजे गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेचे लोक, सभा भरवायला आले, तर शेकडो लंबी बंदुका घेऊन गेले आणि त्यांना पळवून लावलं. विहीणबाईंच्या लहानपणी थिएटरात तीन जागा असत: गोऱ्यांची, काळ्यांची, इंडियनांची. वेगळं बसवताना हे लोक इंडियन आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. द्यायची वेळ आली की पुरावा लागतो.

मी या देशात येताना अर्जात ‘इंडियन’ लिहिलं, कुणी माझं डोकं मोजलं नाही. नदीला ड्राउनिंग क्रीक म्हणायचे तेव्हापासून जे तिच्या काठी आहेत, त्यांना कागद आणायला सांगता? कऱ्हाडला मी शिक्षिका होते. जात पडताळणीची फाइल काखेत मारून वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी पोरं पाहिली आहेत. ज्यांची जुनी नोंदच कुणी धड ठेवली नाही, त्यांच्याकडेच जुनी नोंद मागायची, ही रीत मला तिथेही असह्य झाली होती. समुद्र ओलांडून आले तरी ती माझ्या घरात आलीच.

1956 च्या कायद्यातलं ते कलम काढायला आपलं खातं काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, काय सांगणार आहे, ते लेखी कळवा. तारखेसकट. छापील उत्तर नको, तसली दोन आमच्याकडे आहेत.

नातीला मार्चमध्ये दुसरा अर्ज भरायचा आहे. जमातीच्या रकान्यात या वेळी काय लिहू, असं ती विचारते. उत्तर तिच्या नावाने पाठवा.

आपली,
एक आजी